संशयातून जन्मलेला स्विच

घरातील वायरलेस राऊटरच्या पाठीमागच्या पोर्टमध्ये आज जे काम मुकाट्याने, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय चालते, त्याची पहिली व्यवहार्य वाट सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका अंत्यविधी व्यावसायिकाने शोधली. तीही प्रयोगशाळेत बसून नव्हे, तर रागाच्या भरात. अल्मन ब्राऊन स्ट्रोजर या विलक्षण माणसाची ही जीवनकथा.

शहरातील बहुतेक घरांत आता दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यात लहानशी पेटी लुकलुकत असते. तिच्या अँटेना सर्वांना दिसतात, तिची पाठ मात्र सहसा कुणी पाहत नाही. पाठीमागे इथरनेटच्या तारा जोडण्यासाठी ओळीने चार-पाच पोर्ट असतात. त्यांतील एक बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या तारेसाठी आणि उरलेले घरातील यंत्रांसाठी. एका पोर्टला संगणक, दुसऱ्याला प्रिंटर, तिसऱ्याला टीव्ही जोडलेला असतो. संगणकावरून छपाईसाठी पाठवलेला मजकूर नेमका प्रिंटरकडे जातो; शेजारच्याच पोर्टवरच्या टीव्हीला त्याची खबरही नसते. कोणती माहिती कोणत्या तारेवर सोडायची याचा निवाडा पेटीतील एक चिप करते. या निवाड्यालाच स्विचिंग म्हणतात.

दोन माणसांना किंवा दोन यंत्रांना जोडून देणारा तिसरा कोण असावा, आणि त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. टेलिफोन जेमतेम वयात आला होता, त्या काळी स्ट्रोजरला या प्रश्नाने पछाडले.

अल्मन स्ट्रोजरचा जन्म १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरजवळच्या पेनफिल्ड या गावी झाला. घराण्याचा पिठाच्या गिरणीचा व्यवसाय होता आणि गावाच्या आरंभीच्या वसाहतकऱ्यांत त्याच्या आजोबांची गणना होत असे. त्याच्या बालपणाविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. मात्र एक आठवण नेहमी सांगितली जाते. आईने भावंडांना एखादे काम सांगितले, की ते काम करण्याऐवजी ते परस्पर उरकणारे यंत्र कसे तयार करता येईल, याची खटपट ही मुले करीत. आठवणीत अतिशयोक्ती असेलही, पण पुढच्या आयुष्याशी ती चांगली जुळते.

तरुणपणी त्याने काही काळ शाळेत शिकवले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडील हजारो तरुणांप्रमाणे तोही सैन्यात दाखल झाला. न्यूयॉर्कच्या आठव्या घोडदळ पलटणीत त्याने सेवा केली. युद्ध संपल्यावर तो पश्चिमेकडे सरकत गेला. पुन्हा काही काळ शिक्षकी केल्यावर अखेर त्याने अंडरटेकरचा, म्हणजे शवपेटीपासून दफनापर्यंत अंत्यविधीची सर्व व्यवस्था करण्याचा व्यवसाय पत्करला. कॅन्सस राज्यातील एल डोराडो आणि टोपीका या गावांत व्यवसाय केल्यानंतर १८८० च्या दशकात तो मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीत स्थिरावला.

स्ट्रोजरच्या कथेचे मर्म समजण्यासाठी त्या काळचा टेलिफोन समजून घ्यावा लागतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनचे पेटंट घेतले ते १८७६ मध्ये. पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज जानेवारी १८७८ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे सुरू झाले, तेव्हा त्याचे अवघे २१ ग्राहक होते. एक्स्चेंजची गरज साध्या हिशेबातून निर्माण झाली होती. प्रत्येक ग्राहकाच्या घरातून इतर प्रत्येकाच्या घरापर्यंत स्वतंत्र तार टाकायची म्हटली, तर १०० ग्राहकांसाठी ४,९५० तारा लागतील. त्याऐवजी प्रत्येकाची एकच तार मध्यवर्ती ठिकाणी आणायची आणि तेथे बसलेल्या माणसाने मागणीप्रमाणे दोन तारा जोडून द्यायच्या, हा मार्ग सोपा व स्वस्त होता. आपल्याकडे मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे जानेवारी १८८२ मध्ये सुरू झालेली पहिली एक्स्चेंजही याच पद्धतीची होती.

जोडणी करून देणारा तो माणूस म्हणजे ऑपरेटर. आरंभी या कामावर पोरसवदा मुले नेमली जात. पण त्यांचा दांडगटपणा ग्राहकांना असह्य झाला. १८७८ मध्ये बॉस्टन येथे एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर रुजू झाली आणि लवकरच हे काम तरुण स्त्रियांचेच मानले जाऊ लागले. ग्राहक फोन उचलून हवे ते नाव सांगत, ऑपरेटर त्या नावाची तार शोधून जोडून देई. १८७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल गावात गोवराची साथ आली. ऑपरेटर आजारी पडल्या, तर कोणाची तार कोणती हे नवख्या माणसाला कळणार कसे, या चिंतेने तेथील एका डॉक्टरने ग्राहकांना नावाऐवजी क्रमांक देण्याची सूचना केली. आजारपणाच्या धास्तीतून आलेला हा क्रमांक पुढे स्वयंचलित यंत्राचा पाया ठरला. यंत्राला नाव कळत नाही, क्रमांक मात्र मोजता येतो.

नावावर चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरच्या हाती मोठी सत्ता होती. कोण कोणाला फोन करतो, किती वेळ बोलतो, हे तिला ठाऊक असे. तिने मनात आणले तर संभाषण ऐकता येई, आणि अमुक एक लाइन व्यस्त आहे असे सांगितले, तर ग्राहकाला ते मानण्यावाचून गत्यंतर नसे. बहुतेक ऑपरेटर आपले काम इमाने करीत. पण ग्राहकाला तसे पडताळून पाहण्याचा कोणताही उपाय उपलब्ध नव्हता.

स्ट्रोजरचा संशय येथेच जागा झाला. आपल्याकडे येणारे फोन कमी होत आहेत, गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याकडे जात आहे, असे त्याला वाटू लागले. अंत्यविधीच्या धंद्यात उशिराला क्षमा नसते. घरात मृत्यू झाला, की माणसे एकदाच फोन करतात आणि जो पहिल्यांदा भेटेल त्याच्या हाती काम सोपवतात. सर्वाधिक प्रचलित कथेनुसार, गावातील दुसऱ्या अंडरटेकरची पत्नी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती आपल्या नवऱ्याकडे वळवीत असे. काही ठिकाणी ती पत्नी नसून दुसरी कोणी नातलग असल्याचे सांगितले जाते. स्ट्रोजरच्या एका मित्राचे निधन झाले आणि त्याचा अंत्यविधीही प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तेव्हा त्याचा संयम सुटला, असाही एक प्रवाद आहे.

या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. स्ट्रोजर टेलिफोन कंपनीकडे सतत तक्रारी करीत असे. त्याच्या तक्रारीची शहानिशा करण्यासाठी कंपनीचा माणूस दुकानी आला, तेव्हा दुकानाबाहेर टांगलेली धातूची पाटी वाऱ्याने हलून टेलिफोनच्या तारांना लागत असल्याचे आढळले, अशी हकिकत टेलिफोनच्या इतिहासात नोंदली गेली आहे. पाटी तारांना टेकली, की लाइन बंद पडे. ही हकिकत खरी मानली, तर ऑपरेटर निर्दोष होती आणि स्ट्रोजरचे गिऱ्हाईक पळवणारी होती ती त्याच्याच नावाची पाटी. दोन्ही कथांतील खरे काय, याचा निर्णय आता होणे नाही. एवढे मात्र खरे, की ज्या स्त्रीवर ठपका ठेवला गेला, तिची बाजू इतिहासात कोठेही नोंदलेली नाही.

कारण काहीही असो, स्ट्रोजरचा निश्चय पक्का झाला. ऑपरेटर बदलून प्रश्न सुटणार नाही, ऑपरेटरची गरजच संपवली पाहिजे, असे त्याने ठरवले. ही कल्पना सर्वस्वी त्याची होती असे नाही. डॅनियल व थॉमस कॉनोली हे बंधू आणि त्यांचा सहकारी मॅकटाय यांनी १८७९ मध्येच स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले होते. परंतु ते यंत्र व्यवहारात उतरले नाही. स्ट्रोजरचे वेगळेपण असे, की विजेचे कोणतेही रीतसर शिक्षण नसताना त्याने प्रश्नाची नेमकी गाठ सोडवली.

त्याने आपली पहिली प्रतिकृती कॉलर ठेवण्याच्या पुठ्ठ्याच्या गोल डबीत तयार केली, असे सांगतात. त्या काळी सदऱ्याच्या कॉलर सुट्या मिळत आणि गोल डबीत ठेवल्या जात. डबीच्या भिंतीत त्याने टाचण्यांच्या दहा ओळी टोचल्या, प्रत्येक ओळीत दहा टाचण्या. मध्यभागी एक दांडा आणि त्याला आडवा हात. दांडा वर उचलून हव्या त्या ओळीपर्यंत न्यायचा आणि मग फिरवून हव्या त्या टाचणीवर टेकवायचा. पाच पायऱ्या वर आणि सात पायऱ्या आडवे गेले, की ५७ क्रमांकाचा ग्राहक मिळाला. शंभर घरांपैकी नेमके एक घर गाठण्यासाठी दोनच हालचाली पुरत. दांड्याची हालचाल विद्युतचुंबकांनी घडवायची आणि त्या चुंबकांना ग्राहकाने घरबसल्या विजेचे झटके पाठवायचे, अशी ही योजना होती. जितके झटके, तितक्या पायऱ्या.

१२ मार्च १८८९ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ रोजी ४,४७,९१८ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट त्याच्या नावे झाले. त्या वेळी तो पन्नाशी ओलांडलेला, कारखानदारीचा गंध नसलेला व्यावसायिक होता. पेटंट हाती असणे आणि त्यातून एक्स्चेंज उभे राहणे यांत मोठे अंतर होते. ते पार करण्यासाठी भांडवल आणि धडपडी माणसे लागणार होती.

ती माणसे शिकागोत भेटली. जोसेफ हॅरिस हा गावोगाव फिरणारा विक्रेता. १८९३ मध्ये शिकागो येथे भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनात मांडण्याजोगी एखादी नवलाई तो शोधत होता. स्ट्रोजरच्या यंत्राविषयी ऐकताच त्यातील संधी त्याने ओळखली. हॅरिस, मोझेस मेयर आणि स्ट्रोजरचा पुतण्या वॉल्टर यांच्या साह्याने ऑक्टोबर १८९१ मध्ये स्ट्रोजर ऑटोमॅटिक टेलिफोन एक्स्चेंज कंपनी स्थापन झाली. पाठोपाठ अलेक्झांडर कीथ हा विजेच्या क्षेत्रातील जाणकार तंत्रज्ञ कंपनीत आला.

प्रत्यक्ष कसोटीसाठी इंडियाना राज्यातील ला पोर्ट हे लहानसे गाव निवडले गेले. तेथील जुनी टेलिफोन सेवा बेल कंपनीबरोबरच्या पेटंटच्या वादामुळे बंद पडली होती, त्यामुळे नव्या यंत्राला आयते मैदान मिळाले. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी जगातील पहिले सार्वजनिक स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज तेथे सुरू झाले. हा सोहळा पाहण्यासाठी शिकागोहून पाहुण्यांना घेऊन खास रेल्वेगाडी आली होती. सुमारे ७५ ग्राहक कोणत्याही माणसाची मदत न घेता परस्परांशी बोलू लागले.

या पहिल्या यंत्रात उणिवाही कमी नव्हत्या. त्याला अजून डायल नव्हती. ग्राहकाला बटणे दाबावी लागत. ५७ क्रमांक हवा असेल, तर दशकाचे बटण पाच वेळा आणि एककाचे सात वेळा. मोजताना चूक झाली, की फोन भलत्याच घरी जाई. आणि आता दोष द्यायला ऑपरेटरही नव्हती! शिवाय एका जोडणीसाठी प्रत्येक घरापर्यंत एकापेक्षा अधिक तारा न्याव्या लागत. ग्राहकांची संख्या वाढली, तर हा खर्च परवडणारा नव्हता.

या उणिवा दूर करण्याचे श्रेय मुख्यतः स्ट्रोजरच्या सहकाऱ्यांकडे जाते. कॅन्ससमधील लिंड्सबोर्ग या स्वीडिश वसाहतीच्या गावातून आलेले जॉन व चार्ल्स एरिक्सन हे बंधू आणि फ्रँक लुंडक्विस्ट यांनी कीथच्या मार्गदर्शनाखाली यंत्रात एकामागून एक सुधारणा केल्या. १८९६ मध्ये कीथ आणि एरिक्सन बंधूंनी बोटाने फिरवण्याच्या डायलसाठी पेटंटचा अर्ज केला आणि त्याच वर्षी मिलवॉकीच्या नगर सभागृहात अशा डायलचे टेलिफोन बसवण्यात आले. आता झटके मोजण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. डायल फिरवून सोडली, की परत येताना ती तितक्या वेळा विजेचा प्रवाह तोडी आणि एक्स्चेंजमधला दांडा तितक्या पायऱ्या चढे. पुढे एका दांड्याने दुसऱ्या दांड्याकडे फोन सोपवण्याची पद्धत आली आणि शंभर ग्राहकांची मर्यादा हजारांवर गेली.

यंत्र वाढत गेले, स्ट्रोजर मात्र मागे पडत गेला. १८९६ मध्ये त्याने आपली पेटंटे सहकाऱ्यांना १,८०० डॉलरना विकली आणि १८९८ मध्ये कंपनीतील आपला वाटा १० हजार डॉलरना देऊन तो या उद्योगातून बाहेर पडला. प्रकृती साथ देत नव्हती. फ्लोरिडा राज्यातील सेंट पीटर्सबर्ग या उबदार हवेच्या गावी तो राहायला गेला. २६ मे १९०२ रोजी वयाच्या साठीनंतर थोड्याच वर्षांत तेथेच त्याचे निधन झाले. १९१६ मध्ये बेल कंपनीने हीच पेटंटे वापरण्यासाठी २५ लाख डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. स्ट्रोजरच्या १,८०० डॉलरशी या रकमेची तुलना केली, की शोधकर्ता आणि शोधाची किंमत यांच्यातील दरी डोळ्यांत भरते.

बेल कंपनीने ही यंत्रे स्वीकारण्यास पुष्कळ वेळ लावला. प्रशिक्षित ऑपरेटरांचे मोठे दल तिच्याकडे होते आणि क्रमांक फिरवण्याचे कष्ट ग्राहक स्वतः घेतील, यावर तिचा विश्वास नव्हता. अखेर १९१९ मध्ये व्हर्जिनियातील नॉरफोक येथे तिने स्ट्रोजर पद्धतीचे मोठे एक्स्चेंज उभारले. ब्रिटनमध्ये १९१२ साली एप्सम येथे या पद्धतीचा पहिला सार्वजनिक प्रयोग झाला आणि पुढे ती तेथील प्रमाण पद्धत बनली. ब्रिटनमधील शेवटचे स्ट्रोजर एक्स्चेंज बंद झाले ते १९९५ मध्ये. म्हणजे ला पोर्टच्या सोहळ्यानंतर तब्बल १०३ वर्षांनी.

ब्रिटनमार्गे हे यंत्र भारतातही आले. सिमल्यात १९१३-१४ मध्ये ७०० लाइनींचे देशातील पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने ब्रिटिश सहकार्याने स्ट्रोजर पद्धतीची यंत्रे तयार केली आणि मुंबईसह देशातील अनेक शहरांचा टेलिफोन कित्येक वर्षे त्यांच्यावर चालला. काळ्या टेलिफोनची डायल फिरवल्यावर कानात उमटणारी टकटक म्हणजे दूरवरच्या एक्स्चेंजमध्ये दांडा पायऱ्या चढत असल्याचीच खूण होती. धूळ, दमटपणा आणि झिजलेले सांधे यांमुळे राँग नंबर आणि क्रॉस कनेक्शन या गोष्टी त्या पिढीच्या अंगवळणी पडल्या होत्या. १९८० च्या दशकापासून अंकीय एक्स्चेंज आली आणि हे दांडे हळूहळू शांत झाले.

ऑपरेटर स्त्रियांचे काय झाले, हा प्रश्न उरतो. स्ट्रोजरच्या यंत्राने त्यांचा रोजगार एका रात्रीत हिरावला नाही. टेलिफोनची संख्या इतक्या झपाट्याने वाढली, की अमेरिकेत पुढची अनेक दशके ऑपरेटरांची संख्याही वाढतच राहिली. दूरच्या गावचा ट्रंक कॉल जोडण्यासाठी त्या लागतच होत्या. शेवटी तेही काम यंत्राकडे गेले. हाताने दांडी फिरवून ऑपरेटरला बोलावण्याची पद्धत असलेले अमेरिकेतील अखेरचे एक्स्चेंज, मेन राज्यातील ब्रायंट पाँड येथील, १९८३ मध्ये बंद झाले. रात्री-अपरात्री डॉक्टर शोधून देणारी, आग लागल्याची वर्दी पोहोचवणारी ऑपरेटर त्याबरोबर गेली. संशय गेला, तशी आपुलकीही गेली.

स्ट्रोजरचे दांडे आज संग्रहालयांत आहेत. त्याने सोडवलेला प्रश्न मात्र संगणकांच्या जगात नव्याने उभा राहिला. आरंभीच्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच तारेवर असत. नंतरच्या हब या उपकरणातही एका पोर्टवर आलेली माहिती उरलेल्या सर्व पोर्टवर पाठवली जाई. ज्याची माहिती असेल त्याने ती घ्यावी आणि इतरांनी दुर्लक्ष करावे, अशी अपेक्षा असे. चाळीतल्या एका घरच्या निरोपासाठी सगळ्या मजल्यांना हाक मारण्यासारखाच हा प्रकार होता. ज्याला ऐकायचे असेल त्याला सर्व ऐकू येई आणि दोन यंत्रे एकाच वेळी बोलली, तर दोघांचेही बोलणे वाया जाई.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतील एका लहान कंपनीने इथरनेटसाठी सात पोर्टचा स्विच बाजारात आणला. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी स्थापन केलेल्या या कंपनीचे नाव होते कल्पना. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. तेव्हा कार्यालयांपुरते असलेले ते महागडे यंत्र आज एका चिपमध्ये सामावून घरोघरच्या राऊटरमध्ये बसले आहे.

या चिपची रीत स्ट्रोजरच्या यंत्रापेक्षा वेगळी आहे. टेलिफोनमध्ये संभाषण संपेपर्यंत दोन तारा एकमेकींना बांधलेल्या राहत. इथरनेटमध्ये माहितीची छोटी-छोटी पाकिटे असतात आणि प्रत्येक पाकिटाचा निवाडा स्वतंत्रपणे होतो. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, असे ४८ बिटांचे दोन पत्ते असतात. पाकीट ज्या पोर्टवर आले, त्या पोर्टपुढे पाठवणाऱ्याचा पत्ता चिप आपल्या वहीत टिपून ठेवते. पुढे त्या पत्त्यासाठी पाकीट आले, की ते थेट त्याच पोर्टवर सोडते. पत्ता वहीत नसेल, तरच इतर सर्व पोर्टवर पाठवते. एखादे यंत्र काही काळ, साधारणतः पाच मिनिटे गप्प राहिले, की त्याची नोंद पुसून टाकते. कुणी क्रमांक नेमून दिलेले नसतात, कुणी यादी तयार केलेली नसते. कोण कोठे राहतो हे चिप येणाऱ्या-जाणाऱ्या पाकिटांवरून स्वतःच शिकते.

अनेक राऊटरमध्ये या पोर्टचे गट पाडण्याचीही सोय असते. एकाच चिपवरचे पोर्ट जणू वेगवेगळ्या पेट्यांतले असावेत, अशा रीतीने त्यांच्यात भिंत उभी करता येते. इंटरनेटची तार येते तो पोर्ट आणि घरातले पोर्ट पुष्कळदा एकाच चिपवर असतात. त्यांना अलग ठेवणारी भिंत हीच. घरी काम करणाऱ्याचा कार्यालयीन संगणक आणि मुलांच्या खेळांचे यंत्र एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठीही ती उपयोगी पडते. वायरलेस लहरी मात्र खोलीभर पसरतात आणि टप्प्यातील कोणतेही यंत्र त्या टिपू शकते. म्हणूनच तेथे सांकेतिक कुलूप अत्यावश्यक ठरते.

तरीही स्ट्रोजरचा संशय पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. साधा स्विच पाकिटावरच्या पत्त्यावर निमूट विश्वास ठेवतो. घरच्या जाळ्यात शिरलेले एखादे लबाड यंत्र दुसऱ्याचा पत्ता आपलाच असल्याचे भासवू शकते आणि मग भलत्याची माहिती त्याच्याकडे वळते. कॅन्सस सिटीतील ऑपरेटरवर जो आरोप होता, तोच गुन्हा येथे नव्या रूपात घडतो. कार्यालयांतील मोठ्या स्विचमध्ये अमुक पोर्टवर अमुकच पत्ता चालेल, असा निर्बंध घालता येतो. घरच्या पेटीत ही सोय क्वचितच असते. यंत्र पक्षपात करीत नाही हे खरे, पण त्याला फसवता येते. त्यामुळे राऊटरचा मूळ पासवर्ड बदलणे आणि अनोळखी उपकरण पोर्टला न जोडणे, ही जबाबदारी घरातल्या माणसांचीच राहते.

सेंट पीटर्सबर्गच्या ग्रीनवूड दफनभूमीत अल्मन स्ट्रोजरला चिरविश्रांती मिळाली. आयुष्यभर इतरांच्या अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या या माणसाच्या कबरीवर सैनिकांसाठी ठरलेला साधा पांढरा दगड उभारण्यात आला. त्यावर त्याचे नाव, हुद्दा आणि घोडदळाची पलटण एवढेच कोरले होते. टेलिफोनचा उल्लेखही नव्हता. कॅन्सस सिटीत त्याचा धंदा खरोखर कोणी बुडवला, ऑपरेटरने की वाऱ्यावर हलणाऱ्या पाटीने, हे कोडेही त्याच्याबरोबर गेले. त्याचा संशय कदाचित चुकीचा होता, त्यातून निघालेले उत्तर मात्र टिकले. घरातल्या पेटीच्या मागचे हिरवे दिवे लुकलुकतात, तेव्हा ऐकणाऱ्या आणि सांगणाऱ्याच्या मधला तो तिसरा माणूस तेथे नसतो.